भिंतीच्या आत काय आहे

उल्हासनगरच्या वर्कशॉपमध्ये बाबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "काय गं, बरोबर आहे ना?" आणि मी मान हलवली.

माझ्याकडून एवढंच झालं.

बाबा रिटायर झाल्यापासून त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. बदलापूरला उल्हास नदीच्या कडेला त्यांच्या वाट्याची थोडी जमीन आहे, पूर्वी तिथे भात व्हायचा. त्यांना तिथे जाऊन राहायचं होतं, वांगी-भेंडी लावायची होती, अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या दोन खोल्यांतून सुटायचं होतं. पण जमीन पुराच्या रेषेत येते, तिथे पक्कं घर बांधता येत नाही. मग एके दिवशी त्यांनी मोबाइलवर ट्रेलर पाहिला. गाडीच्या मागे जोडून ओढायची खोली. आत पलंग, ओटा, कोपऱ्यात एवढंसं बाथरूम, आणि खाली चाकं.

"पाणी चढायला लागलं की शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला जोडायचा आणि वर रोडवर नेऊन लावायचा," बाबा म्हणाले. "काय प्रॉब्लेम आहे?"

आई भाकरी थापत होती. "मी नाही येणार. लहानपण वांगणीच्या वाडीवर कुडाच्या घरात काढलं, आता म्हातारपणी डब्यात राहू? तुम्ही जा. मी रविवारी डबा घेऊन येईन. डब्यात डबा."

म्हणजे बाबा एकटे राहणार होते. ज्या नदीने आम्हाला एकदा घराबाहेर काढलं होतं, तिच्या काठावर, एका चाकांच्या खोलीत. आणि ती खोली कशी असावी हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी इंग्लिश मीडियमची. आमच्या घरात बँकेचं पत्र, डॉक्टरांचा रिपोर्ट, मिक्सरचं माहितीपत्रक, सगळं माझ्यापुढे येतं. मला इंग्रजी वाचता येतं म्हणजे ते कळतंच, असं दोघांनी धरून ठेवलंय. मीही ते कधी खोडून काढलं नाही.

पंधरा दिवस मी वाचत होते. परदेशात लोक असे ट्रेलर वर्षानुवर्षं वापरतात आणि त्याबद्दल पानंच्या पानं लिहितात. बाहेरून सगळे सारखेच दिसतात, खरा फरक भिंतीत असतो. एका प्रकारात लाकडाच्या पट्ट्यांचा सांगाडा, आतून प्लाय, बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, मधल्या पोकळीत थर्माकोल. दुसऱ्यात लाकूडच नाही. फायबरच्या दोन पातळ शीट, मध्ये घट्ट फोम, आणि हे सगळं गोंदाने दाबून एकजीव केलेलं. तिसरा प्रकार पाण्याच्या टाकीसारखा, फायबरच्या साच्यात ओतलेले दोन अर्धे तुकडे एकमेकांना जोडून केलेला. तसा आमच्याकडे एकच जण बनवत होता, आणि त्याच्यात बाबा उभे राहिले की डोकं छताला लागत होतं. म्हणून तो सुटला. राहिले दोन.

या दोन्हींबद्दल मी जे वाचलं त्यात सगळे पाण्याबद्दलच बोलत होते. पुराबद्दल नाही, थेंबाबद्दल. स्क्रूच्या भोकातून, खिडकीच्या कोपऱ्यातून आत जाणाऱ्या एका थेंबाबद्दल. प्रत्येकाच्या गोष्टीत भिंत वर्षानुवर्षं चांगली दिसत होती आणि मग एक दिवस बोट लावल्यावर बोट आत गेलं होतं.

मी फोनमध्ये एक प्रश्न लिहून ठेवला होता. दीवार के अंदर क्या है? हिंदीत लिहिला, म्हणजे ऐन वेळी अडखळायला नको.

वर्कशॉप विठ्ठलवाडीच्या अलीकडे, फर्निचरच्या दुकानांमागच्या गल्लीत होतं. शेठ साठीचे सिंधी गृहस्थ, चष्मा कपाळावर, बोलणं अर्धं हिंदी अर्धं मराठी. त्यांनी तयार ट्रेलर दाखवला. पांढरा, बाजूला निळी पट्टी, आत सागवानासारखी दिसणारी सनमायका, फुलांचे पडदे, पलंगाखाली बारीक दिवे. बाबा त्या पलंगावर बसले, पाहुण्यासारखे, दोन्ही हात गुडघ्यांवर. त्यांचा चेहरा मी इतका उजळलेला फार दिवसांनी पाहिला. तेवढ्यात त्यांनी मला विचारलं. शेठ बघत होते, दोन कारागीर हातातलं काम थांबवून बघत होते, सोफा बघायला आलेलं कुणी जोडपं दारातून डोकावत होतं. फोन माझ्या हातात होता. मी मान हलवली.

"बघा," शेठ खुशीत म्हणाले, "पढ़ी-लिखी मुलगी आहे, तिनेपण हो बोललं. आता थांबायचं कशाला भाऊ? आज दिवस चांगला आहे, नारळ फोडा!"

बाहेर चाकांवर एक लोखंडी सांगाडा उभा होता. शेठनी त्याला कुंकू लावलं, बाबांनी नारळ फोडला, पाणी लोखंडावर शिंपडलं. आता हा सांगाडा आमचा. नारळ फुटला की सौदा झाला, पुढे लिखापढीची गरज नाही, असं शेठ आणि बाबा दोघंही मानत होते. मला खोबऱ्याचा तुकडा दिला. मी तो खाल्लासुद्धा.

मला पाण्याची भीती वाटते हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण मला दाराची भीती वाटते हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मी चौथीत होते. आम्ही बदलापूरला तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. पाणी आधी बाथरूमच्या जाळीतून आलं, गढूळ, बुडबुडे काढत. बाबा ड्यूटीवर होते. आमच्या चाळीत सगळे आदल्या पुराच्या खुणेवरून अंदाज बांधायचे. भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर पिवळट रेघ होती, तिच्या वर पाणी जाणार नाही असं प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणून आईने मला ओट्यावर बसवलं आणि ती सकाळभर गाद्या, पीठ, माझं दप्तर वर चढवत राहिली. दुपारी रेघ पाण्याखाली गेली. आई मला कडेवर घेऊन दाराकडे गेली आणि दार उघडेना. इतके तास पाण्यात उभं राहून प्लायचं दार खालून फुगलं होतं आणि चौकटीत घट्ट बसलं होतं. आई एका हाताने ओढत होती. ती ओरडली नाही, मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली. शेवटी बाहेरून शेजारच्या दोघांनी खांदे लावले. त्याला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही.

तेव्हापासून कुठल्याही नवीन खोलीत गेले की मी दार एकदा उघडून लावून बघते. लोकांना वाटतं मला गार लागतंय.

नारळ फोडल्यानंतरच्या आठवड्यात, गुरुवारी, मी घरी ड्रेस शिवायला टाकते असं सांगून एकटीच शेअर रिक्षाने उल्हासनगरला गेले. प्रश्न विचारायचाच असं ठरवून. वर्कशॉपच्या तोंडाशीच एक जुना ट्रेलर दुरुस्तीला आलेला होता. एका बाजूचा पत्रा उतरवला होता आणि कारागीर उकिडवा बसून स्क्रूड्रायव्हरने आतलं लाकूड कोरत होता. लाकूड काळं पडलं होतं. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत जात होता, पिकून गेलेल्या केळ्यात जावा तसा. थर्माकोलच्या तुकड्यांवर मुंग्यांची माती होती. वास ओल्या पोछ्याचा. त्याच भिंतीची आतली बाजू मी वाकून पाहिली. सनमायका अगदी चकचकीत होती, फुलाची एक पाकळी हलली नव्हती.

"आओ बेटा, बाबा नहीं आये?" शेठ बाहेर आले.

"हे... ये लकड़ी है?"

"लकड़ी ही है. सात साल हुए. हर साल जोड़ों में सिलिकॉन भरना पड़ता है, इन्होंने भरला नाही." त्यांना त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं. "लकड़ी का फायदा क्या मालूम? जे सडलं ते कापा, नवीन लावा. कोणपण सुतार करून देईल."

ते खरंच होतं. मी वाचलेल्या पानांतही ते होतं.

"हमारे में भी यही रहेगा?"

"यही तो दिखाया था."

"आपने बताया नहीं."

"तुमने पूछा नहीं, बेटा." हे ते प्रेमाने म्हणाले. म्हणूनच मला जास्त लागलं.

आमचा सांगाडा कोपऱ्यात तसाच उभा होता, कुंकू वाळलेलं. शेजारी नव्या लाकडी पट्ट्यांचा गठ्ठा आणून ठेवला होता. सोमवारपासून भिंती उभ्या करायला घेणार, असं शेठ म्हणाले. मी परतीच्या रिक्षात बसले. मला ती दुपार आठवत होती, फक्त आता दाराच्या आतल्या बाजूला बाबा होते, आणि बाहेर खांदा लावायला कुणी नव्हतं.

शुक्रवारी सकाळी बाबा भाजी आणायला गेले तेव्हा आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती. ऐकून घेतलं, मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"मग तेव्हा तोंडाला काय झालं होतं तुझ्या?"

"सगळे बघत होते."

"बघू देत की. बघितल्याने झिजतेस का तू?" मग हात पुसत, "दुसरा कुठे मिळतो ते माहितेय का तुला?"

अंबरनाथच्या एमआयडीसीत एक जण फोमच्या भिंती बनवतो हे मला माहीत होतं. आम्ही दोघी त्याच दुपारी गेलो. चाळिशीचा माणूस, कपाळावर कायमची आठी. तो आइस्क्रीमच्या आणि दुधाच्या गाड्यांच्या मागच्या पेट्या बनवायचा, क्वचित एखादा ट्रेलर. आईने हे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे ह्यांना आइस्क्रीमसारखं ठेवणार. चला, वितळायचे तरी नाहीत."

तो हसला नाही. त्याने भिंतीचा कापलेला तुकडा हातात दिला. बाहेर पांढरं फायबर, मध्ये पिवळा फोम.

"ढोकळाच की," आई म्हणाली.

"ढोकळा नाही, मावशी. ह्याच्यावर तुम्ही उभ्या राहिलात तरी दबणार नाही." मग तो माझ्याकडे वळला. "तुम्हाला आधीच सांगतो. लाकडाचं काम कुठेही दुरुस्त होतं, ह्याचं होत नाही. ह्याच्यात गोंद सुटला की पूर्ण भिंत बदलायची. आणि गोंद सुटलाय हे डोळ्यांना दिसत नाही. कानाने कळतं."

त्याने एका भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकलं. टक, टक, कोरडा आवाज. मग मागे उभ्या केलेल्या एका बाद भिंतीवर ठोकलं. तिथे आवाज दबका आला, ढप, ढप.

आईला हे लगेच समजलं. बाजारात ती फणस असाच घेते, कान जवळ नेऊन, बोटाने वाजवत. तिने पदर खोचला आणि तिथे तयार होऊन उभ्या असलेल्या दुधाच्या गाडीची अख्खी बाजू वाजवत निघाली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वर, खाली, न बोलता. मी तिच्यामागून, जीव मुठीत धरून, की आता हा माणूस ओरडतो. चाकाच्या वरच्या भागाशी ती थांबली. पुन्हा ठोकलं.

"इथे बघा जरा."

तो आला. ठोकलं. परत ठोकलं. खिशातून खडू काढून तिथे गोल केला.

"मावशी," तो म्हणाला, आणि कपाळावरची आठी पहिल्यांदा सैल झाली, "उद्यापासून कामाला या."

"पगार काय देणार ते बोला, ह्यांना विचारून कळवते," आई म्हणाली.

मग मी विचारलं. आवाज इतका बारीक निघाला की त्याला वाकावं लागलं. "हे पाण्यात उभं राहिलं तर?"

"फुगत नाही."

"आणि दार?"

"दार ह्याचंच, चौकट अ‍ॅल्युमिनियमची. फुगायला त्याच्यात आहे काय?"

मी त्याला तयार गाडीचं दार दाखवायला सांगितलं. उघडलं, लावलं. उघडलं, लावलं. आई माझ्याकडे बघत होती.

रविवारी बाबांना सांगितलं. मी बोलायला सुरुवात केली तेव्हा ते पडद्यांची मापं कागदावर काढत होते. सांगून झालं तरी त्यांनी पेन खाली ठेवलं नाही.

"तेव्हा मान हलवलीस तू."

"हो."

"कळत नव्हतं तर हलवलीस कशाला?"

"विचारायची लाज वाटली." हे वाक्य मी दोन दिवस मनात म्हणत होते, तरी बाहेर पडताना तुटलंच.

"नारळ फोडून आलोय आपण. माणसाला शब्द दिलाय. आता काय तोंड घेऊन जाऊ? मुलीला लाज वाटली म्हणून सांगू?"

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "नारळ कशावर फोडलात?"

"सांगाड्यावर."

"मग सांगाडा त्याचाच घ्या. भिंतींवर कुठे फोडलाय?"

बाबांनी पेन खाली ठेवलं. मग माझ्याकडे बघून, जरा खालच्या आवाजात म्हणाले, "तुला एवढी भीती कशाची वाटते? सिलिकॉन मी भरीन की दरवर्षी."

तेव्हा मी त्यांना दाराचं सांगितलं. आईने एका हाताने ओढलं ते, ती ओरडली नाही ते, सगळं. त्या दिवशी ते कारखान्यात अडकले होते, दुसऱ्या दिवशी आले तेव्हा आम्ही शेजारच्यांकडे वरच्या मजल्यावर सुके कपडे घालून बसलो होतो. त्यांनी आजवर तेवढंच पाहिलं होतं.

"तू कधी बोलली नाहीस मला," ते आईला म्हणाले.

"बोलून काय दार उघडणार होतं?" आई म्हणाली आणि परत आत गेली.

सोमवारी आम्ही वर्कशॉप उघडायच्या वेळेला पोचलो. मला वाटलं होतं बाबा बोलतील. ते दारात थांबले आणि म्हणाले, "तू बोल. मान तू हलवली होतीस." पुन्हा तेच कारागीर, तसेच थांबलेले हात.

"दीवारें हमको दूसरी लगानी हैं," मी म्हणाले. "लकड़ी की नहीं. चेसिस आपका ही लेंगे."

शेठनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ते नारळाचा विषय काढतील, बाबांची मान खाली जाईल, आणि ती माझ्यामुळे गेलेली असेल.

"किसकी लगाओगे? अंबरनाथवाले की?"

"हो."

"माल अच्छा है उसका. मिजाज खराब है." त्यांनी लाकडाच्या गठ्ठ्याकडे हात केला. "पहले बोलती तो ये नहीं मंगवाता, बेटा. चल, कपाट बनेल कुणाचं तरी." मग बाबांना, "भाऊ, ट्रॅक्टरला जोडायची कडी आणि ब्रेक मीच बसवणार. त्याच्यात दुसऱ्याचा हात नको."

"नाही नाही, तुमचाच," बाबा घाईने म्हणाले. रिक्षात बसल्यावर मला म्हणाले, "घाम पूस."

पावसाळ्याआधी ट्रेलर बदलापूरच्या जमिनीवर आला. आईने चारही भिंती वाजवून घेतल्या, तोपर्यंत कुणाला आत पाऊल टाकू दिलं नाही. बाबांनी वांगी लावली.

आणि मग श्रावणात एका सकाळी, मी घरून काम करत असताना, मोबाइलवर नदीचे फोटो यायला लागले. मी बाबांना फोन केला.

"अजून बांधाच्या खाली आहे गं," ते म्हणाले. मागे पाऊस वाजत होता. "मागच्या पुरात बांधावर आलं नव्हतं. शेजारीपण तेच म्हणतोय."

"बाबा, ट्रेलर काढा."

"कशाला? भिंत फुगत नाही ना? तूच निवडलीस. अंगाला थेंब लागला नाहीये माझ्या, मस्त चहा करून बसलोय."

मी खुर्चीतून उठले. मला हे सुचलंच नव्हतं. लाकडाच्या भिंतीत ते घाबरून तरी निघाले असते. मी त्यांना अशी भिंत शोधून दिली होती की तिच्या भरवशावर ते नदीत बसून राहतील.

"भिंत राहील, बाबा," मी म्हणाले. "भिंतीसाठी नाही सांगत मी." पुढचे शब्द येईनात. मग आले ते ओरडूनच आले, बाबांवर मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. "आत्ता काढा! पाणी बघत बसू नका!"

पलीकडे कप ठेवल्याचा आवाज झाला. "बरं, बरं," ते म्हणाले.

त्यांनी फोन बंद केला नाही, तसाच खिशात टाकला. मी ऐकत राहिले. शेजाऱ्याला मारलेल्या हाका, ट्रॅक्टरची घरघर, चिखलात फिरणारं चाक. "अरे उजवीकडे घे, उजवीकडे, बांध दिसत नाही का तुला?" मग एक धाडकन आवाज, आणि नुसता पाऊस. आई माझ्या शेजारी येऊन उभी होती, ओले हात तसेच. बऱ्याच वेळाने बाबांचा आवाज जवळ आला. "आलो रोडवर. ठेव आता, बॅटरी संपेल."

पाणी बांधाच्या वीतभर खाली थांबलं आणि दुसऱ्या दिवशी उतरलं. शेजाऱ्याने गावभर सांगितलं की ह्यांच्या पोरीने अंबरनाथला बसून माझा ट्रॅक्टर चिखलात घालायला लावला. बाबा त्याच्याबरोबर हसले, पण ट्रेलर खाली नेला नाही. रोडच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेसमोर, भेंडीपासून लांब, ते त्यात राहिले आणि रोज सकाळी मला फोन करून विचारायचे, "आज नेऊ का?"

मी पाचव्या दिवशी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर लगेच वाटलं, अजून एक दिवस थांबायला हवं होतं.